इंजिन नसलेलं विमान आणि साताऱ्याची हवा

(साताऱ्यातल्या एका उन्हाळी व्याख्यानमालेत झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

ग्लायडरचं नाव काढलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘इंजिन नाही म्हणता, मग ते पडत कसं नाही?’ आत्ता मागे चहा घेताना दोघांनी विचारला, तिसरे विचारणार होते तेवढ्यात घंटा झाली. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

विमान तोलून धरतात ते पंख. पंखांवरून हवा पुरेशा वेगाने वाहत राहिली की झालं. इंजिन काय करतं, तर पंखांना हवेतून पुढे ढकलत राहतं. हे ढकलण्याचं काम दुसऱ्या कोणी केलं तर पंखांची काही तक्रार नसते. ग्लायडरमध्ये ते काम गुरुत्वाकर्षण करतं आणि मोबदल्यात तुमची थोडी थोडी उंची घेतं. यवतेश्वरचा घाट सायकलवरून उतरताना पायडल मारावं लागत नाही, सायकल आपली खाली समर्थ मंदिराकडे पळत येते. ग्लायडर कायम अशा उतारावर असतं, एवढंच.

प्रश्न उतार किती तीव्र आहे याचा. आमच्या काळातल्या लाकडी शिकाऊ ग्लायडरचं प्रमाण साधारण एकास वीस-पंचवीस असायचं. म्हणजे एक मीटर उंची खर्च केली की वीस-पंचवीस मीटर पुढे. आज स्पर्धेत उतरणारी फायबरची लांब पंखांची ग्लायडरं एकास पन्नासच्या पुढे जातात. समजा हवा अगदी निश्चल आहे, ग्लायडर एकास चाळीसचं आहे, आणि तुम्हाला सातारा शहरावर एक किलोमीटर उंचीवर आणून सोडलं. नाक दक्षिणेकडे करा आणि काही करू नका. उंब्रज मागे टाकून तुम्ही कऱ्हाडच्या अलीकडेपर्यंत जाल.

आणि हे फक्त ग्लायडरचं नाही. मोठं प्रवासी जेट विमानसुद्धा दोन्ही इंजिनं बंद पडली म्हणून कोसळत नाही. तेही एकास पंधरा-सतराने तरंगत येतं. याचा पुरावा आहे. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाचं बोइंग ७६७ माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालं होतं. आत ६९ माणसं. कॅनडात तेव्हा पौंड जाऊन किलो येत होते. इंधन दाखवणारी यंत्रणा बिघडलेली, म्हणून टाकीतली पातळी हाताने मोजून कागदावर हिशेब केला. हवं होतं २२,३०० किलो. गुणाकार करताना आकडा पौंडाचा वापरला गेला आणि विमान निम्म्याहून कमी इंधन घेऊन वर गेलं. ४१ हजार फुटांवर आधी एक इंजिन थांबलं, थोड्या वेळाने दुसरं.

कॅप्टन होता बॉब पिअरसन, सुट्टीच्या दिवशी ग्लायडर उडवणारा गडी. विनिपेग गाठता येत नाही हे लक्षात आल्यावर सहवैमानिकाने गिमलीच्या जुन्या हवाई तळाचं नाव सुचवलं. तिथे त्याने हवाई दलात नोकरी केली होती. त्या धावपट्टीवर आता मोटारींच्या शर्यती होतात, त्या दिवशीही बायकापोरांसह लोक तिथे जमलेत, हे त्याला ठाऊक नव्हतं. विमान गिमलीला पोचलं, पण उंची जास्त राहिली. इंजिन नाही म्हणजे पुन्हा फेरी मारून येणं नाही. तेव्हा पिअरसनने जे केलं ते ग्लायडरच्या शिकाऊ विद्यार्थ्यालाही येतं. विमान एका बाजूला कलवायचं आणि रडर, म्हणजे शेपटीचं पायाने चालणारं सुकाणू, विरुद्ध बाजूला दाबायचा. विमान तिरकं होऊन हवेला अंग देत उतरतं. उंची झपाट्याने जाते, वेग मात्र वाढत नाही. याला आम्ही साइडस्लिप म्हणतो. शेकडो टनी नसलं तरी चांगलंच अवजड विमान, प्रवासी भरलेले, आणि हा माणूस ते साइडस्लिपने आणतोय! पुढचं चाक नीट अडकलं नव्हतं, ते मुडपलं, नाक घासत विमान थांबलं. एकही माणूस दगावला नाही. बोइंगच्या कुठल्या प्रशिक्षणात हे शिकवलेलं नव्हतं. ते त्याच्या अंगात ग्लायडरमुळे होतं.

आता खरा विषय. नुसतं उतरत जायचं असेल तर उड्डाण काही मिनिटांत संपेल. मग लोक आठ-आठ तास वर कसे राहतात? २००३ मध्ये क्लाउस ओलमान या जर्मन वैमानिकाने अर्जेंटिनात अँडीज पर्वतरांगेच्या कडेने एका दिवसात तीन हजार किलोमीटरहून जास्त अंतर इंजिनाशिवाय कापलं. ते कसं?

कारण हवा स्वतः हलते. आडवी हलते ती आपल्याला कळते, वारा म्हणतो आपण तिला. पण ती उभीही हलते, वर आणि खाली. ग्लायडर आपल्याभोवतीच्या हवेच्या हिशेबात सतत खालीच येत असतं, सेकंदाला साधारण पाऊण मीटर. पण ती हवाच सेकंदाला तीन मीटरने वर चालली असेल तर? वजाबाकी करा. सव्वादोन मीटरने तुम्ही वर. मिनिटाला सव्वाशे-दीडशे मीटर. अजिंक्यतारा शहरापासून जेवढा उंच आहे तेवढी उंची दोन-तीन मिनिटांत, एक थेंब इंधन न जाळता.

वर जाणारी हवा कुठे मिळेल, हे शोधणं म्हणजे ग्लायडिंग. बाकीचं, म्हणजे स्टिक कशी धरायची, रडर कसा दाबायचा, हे महिन्या-दोन महिन्यांत येतं. हवा वाचायला शिकणं मात्र संपत नाही. आणि या बाबतीत आपला जिल्हा भाग्यवान आहे, म्हणून मला हा विषय साताऱ्यातच मांडायचा होता.

एप्रिलचा दिवस घ्या. सकाळी नऊ-दहापर्यंत हवा सुस्त असते. ऊन हवेला थेट फारसं तापवत नाही, ते जमिनीला तापवतं, आणि जमिनीला टेकलेली हवा तापते. पण जमीन सगळीकडे सारखी तापत नाही. कोरेगावकडचं नांगरून टाकलेलं रान, माण-खटावचा मुरमाड माळ, एमआयडीसीतल्या शेडचे पत्रे, हे सगळं लवकर तापतं. तिथली हवा हलकी होते, फुगते, आणि कशाने तरी डिवचली गेली की जमीन सोडून वर उठते. हा थर्मल. ग्लायडरवाले, पॅराग्लायडरवाले सगळे थर्मलच म्हणतात. माळावर उठणारी वावटळ पाहता ना, पाचोळा गरगर वर नेणारी? पुष्कळदा ते थर्मलचं बूड असतं. लहानपणी आम्हाला सांगायचे, त्यात भूत असतं, थुंक तिच्याकडे. मोठेपणी त्याच भुताच्या डोक्यावर जाऊन घिरट्या घालायला शिकलो.

कृष्णाकाठचा ऊस याच्या अगदी उलट. ऊस पाणी पिऊन उभा असतो. त्याच्यावर पडणारं ऊन पानांतल्या पाण्याची वाफ करण्यात खर्च होतं, जमीन तापायला उरत नाही. त्यामुळे कऱ्हाड-वाळव्याच्या हिरव्या पट्ट्यावरून दुपारी ग्लायडर न्यायचं झालं तर मी नाक थोडं खाली घालून वेग वाढवीन आणि शक्य तितक्या लवकर तो पट्टा ओलांडून माळ गाठीन. साखर कारखाना, पाण्याचा पाट, आमदारकी, सगळं त्या पट्ट्यात. लिफ्ट, म्हणजे वर नेणारी हवा, मात्र दुष्काळी भागात. एवढा एक न्याय निसर्गाने केला आहे.

ऊसाला अपवाद एकच, पेटवलेला फड. पाचट जाळू नये, जमिनीचा कस जातो, हे मी कृषी खात्याइतक्याच ठामपणे सांगेन. पण जळालंच कुठे तर वर बघा. धुराच्या माथ्यावर पाच मिनिटांत घारी जमतात. किडे-उंदीर मिळतात हे खरं, पण त्यातल्या निम्म्या खाली येतच नाहीत. धुराबरोबर वर जाणाऱ्या गरम हवेत नुसत्या चढत राहतात.

थर्मल वर जाताना थंड होत जातो, कोरडी हवा किलोमीटरमागे जवळजवळ दहा अंश. एका उंचीवर त्यातल्या बाष्पाचे थेंब होतात आणि तिथे ढग धरतो, सपाट बुडाचा, वर कापूस फुललेला. त्या ढगाचं बूड किती उंचीवर असेल हे इथे बसून काढता येतं. हवेचं तापमान आणि दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं ते, यांच्यातला फरक घ्या आणि १२५ ने गुणा. समजा तापमान ३८ आणि दवबिंदू १४, फरक २४, म्हणजे ढगाचा तळ जमिनीपासून सुमारे तीन हजार मीटरवर. असा दिवस मिळावा म्हणून युरोपातले ग्लायडरवाले उन्हाळाभर आभाळाकडे डोळे लावून बसतात. आपण त्या वेळी पडदे ओढून, पंखा लावून झोपलेले असतो.

ढग नसतील तर पक्षी बघायचे. सकाळी चार भिंतीच्या टेकडीवर फिरायला जाणारी मंडळी इथे असतीलच. तुम्ही एकदा दहा-अकराच्या सुमाराला जा. कठड्याशी उभं राहिलं की घार डोळ्यांच्या पातळीला येते, कधी पायांखालीही. घार पंख हलवत नाही, असं आपण सहज म्हणतो. पण शेपटीकडे लक्ष द्या. ती क्षणाक्षणाला पिळत असते, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. पंखांच्या टोकाची पिसं सुटी, वर वळलेली. डोकं मात्र एका जागी स्थिर. एक पंख किंचित उचलला गेला की ती त्याच बाजूला वळते, कारण उचलणारी हवा तिकडे आहे. आम्हाला प्रशिक्षक अगदी हेच शिकवतात: जो पंख उचलला जातो त्या बाजूला वळ. आमचं शरीर तसं सांगेपर्यंत दोन सेकंद जातात आणि व्हेरिओमीटरचा, म्हणजे आपण किती वेगाने वर-खाली जातोय ते दाखवणाऱ्या यंत्राचा, काटा हलायला आणखी एक-दोन. तोवर घार चार मजले वर गेलेली असते.

एका थर्मलमध्ये दोन ग्लायडरं आली तर नियम असा की पहिला ज्या दिशेने फिरतोय त्याच दिशेने दुसऱ्याने फिरायचं. घारीच्या बाबतीतही आम्ही तो पाळतो. ती डावीकडे फिरत असेल तर आम्हीही डावीकडे. ती आमच्यासाठी दिशा बदलत नाही, आणि बदलावी असं म्हणण्याइतके आम्ही तिथले जुने रहिवासीही नाही.

या विद्येत सगळ्यात पोचलेला पक्षी अँडीजमधला कॉन्डॉर. त्याचं वजन पंधरा किलोपर्यंत जातं, म्हणजे पंख फडफडवणं त्याला फार महाग पडतं. शास्त्रज्ञांनी त्यांच्या अंगावर यंत्रं बसवून नोंदी घेतल्या, २०२० मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या. उडण्याच्या एकूण वेळेपैकी जेमतेम एक टक्का वेळ ते पंख हलवतात, तोही बहुतेक जमीन सोडताना. एक पक्षी पाच तासांत १७० किलोमीटरहून जास्त गेला आणि त्यात त्याने एकदाही पंख मारला नाही. आपल्याकडे हे काम गिधाडं करायची. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकने ती संपत आली. २००६ मध्ये त्या औषधाच्या जनावरांवरच्या वापरावर बंदी आली तेव्हा उशीर झाला होता. गावाची स्वच्छता करणारे गेले ही हळहळ सगळेच व्यक्त करतात. माझी आणखी एक आहे. गिधाड जड, त्याला थर्मल नेमका लागतो, त्यामुळे गिधाडांचा थवा फिरताना दिसला की तिथे लिफ्ट आहे याची खातरी असायची. घार काय, दोन फडफडी मारून वेळ मारून नेते.

एक धोक्याची गोष्ट सांगून पुढे जातो. लिफ्ट चांगली, पण वळवाचा ढग चांगला नाही. दुपारी तीननंतर ईशान्येकडून काळं उठलं की खाली यायचं, चर्चा नको. २००७ च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियात एवा विस्निएर्स्का या जर्मन पॅराग्लायडर वैमानिकेला अशा ढगाने आत ओढून घेतलं. तिच्याजवळच्या यंत्रात नोंदलेली उंची ९,९४६ मीटर आहे. एव्हरेस्टच्याही वर! बेशुद्ध होऊन, अंगावर बर्फ धरलेल्या अवस्थेत ती जिवंत उतरली, हे नशीब. त्याच ढगात सापडलेला चिनी वैमानिक वाचला नाही.

हवा वर जायचा दुसरा मार्ग समजवायला मला फळा लागत नाही. पाटण तालुक्यातला सडावाघापूरचा उलटा धबधबा तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे, निदान मोबाइलवर तरी. पाणी कड्यावरून खाली पडायला निघतं आणि वारा ते उचलून पुन्हा पठारावर फेकतो, बघणारे भिजतात. वारा कड्यावर आदळला, पुढे जायला वाट नाही, म्हणून वर वळला. त्या वर वळलेल्या पट्ट्यात कड्याला समांतर, कड्याच्या तोंडाशी ग्लायडर नेलं तर वारा आहे तोवर ते उतरणार नाही. ही रिज लिफ्ट. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या ज्या वाऱ्यासाठी उभ्या केल्यात, तोच वारा. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लांबलचक डोंगररांगांवर लोक या लिफ्टवर हजार हजार किलोमीटर जातात. आपली सह्याद्रीची धारही लांब आणि पश्चिमेला तोंड करून उभी. अडचण अशी की वारा खरा जोर धरतो आषाढात, आणि तेव्हा ढग कड्याला बिलगलेले असतात. पुढचं दिसत नसताना कड्याजवळ उडायचं नसतं. दिवाळीनंतर मेपर्यंत पाचगणीला पॅराग्लायडर दिसतात ते त्यामुळेच. वारा बेताचा पण नजर स्वच्छ.

तिसरा मार्ग आपल्या कामाचा नाही, तरी ओझरता सांगतो. मोठ्या पर्वतरांगेवरून जोरदार वारा गेला की पलीकडच्या बाजूला हवेत लाटा उठतात, पार वरपर्यंत. या लाटांवर स्वार होऊन २०१८ मध्ये पर्लन-२ नावाचं ग्लायडर अर्जेंटिनात ७६ हजार फुटांवर गेलं. प्रवासी विमानं उडतात त्याच्या दुप्पट उंचीवर, आणि इंजिन नाही.

आता हडपसर. पुण्याचं ग्लायडिंग सेंटर केंद्र सरकारचं, १९५० पासूनचं. मोठं मैदान. आज त्याला शहराने वेढलंय, पूर्वी आजूबाजूला शेतं होती. एनसीसीच्या एअर विंगचा कॅडेट म्हणून मी पहिल्यांदा तिथे गेलो.

जमिनीवरच्या ग्लायडरकडे बघून कोणाला भारावून जायला होत नाही. एकच चाक, त्यामुळे ते एका पंखावर कलंडून पडलेलं असतं. चार पोरांनी ढकलत ढकलत ते मैदानाच्या टोकाला न्यायचं. विमानसेवेत वैमानिकासाठी माणसं राबतात, इथे वैमानिक आधी तास-दोन तास दुसऱ्यांसाठी राबतो. कोणी दोर ओढून आणतं, कोणी वेळेची वही लिहितं, कोणी पंखाचं टोक धरतं. एकट्याने उडवता येत नाही असं हे एकट्याचं विमान आहे.

मैदानाच्या दुसऱ्या टोकाला विंच असतं. ट्रकच्या ताकदीचं इंजिन आणि त्याला जोडलेला मोठा ड्रम, त्यावर पोलादी तारेचा दोर. त्याचं टोक ग्लायडरच्या पोटाखालच्या आकड्यात अडकवतात. पंख धरणारा पंख उचलून समतल करतो. खूण होते. दोर सरपटत ताणला जातो, गवत बाजूला होताना दिसतं. दुसरी खूण झाली की विंचवाला पूर्ण ताकद देतो. पंख धरलेला पोरगा तीन-चार पावलं धावतो आणि मागे पडतो. तेवढ्या वेळात चाकाची खडखड थांबलेली असते. मग नाक वर येतं, इतकं वर की समोर फक्त आभाळ. पाठ आसनात रुतलेली. जमीन दिसत नाही, दिसतो तो बाजूला पंख आणि त्याच्याखाली तिरपं झालेलं हडपसर. अर्ध्या-पाऊण मिनिटात हजारेक फूट. मग ओढ कमी झाल्याचं जाणवतं, नाक खाली आणायचं, पिवळी मूठ ओढायची. पोटाखाली खटका वाजतो. दोर छोट्या पॅराशूटला लटकत खाली जातो.

इथे सगळे लेखक ‘आणि मग पसरते ती नीरव शांतता’ असं लिहितात. तसं काही नसतं. वारा कॅनॉपीवरून, म्हणजे डोक्यावरच्या पारदर्शक झाकणावरून, सू-सू करत असतो आणि तो आवाज फार कामाचा आहे. आवाज वाढला म्हणजे नाक खाली गेलं, वेग वाढला. आवाज मंदावला तर सावध, वेग उतरतोय, पंख हवा सोडतील. प्रशिक्षक वेगाच्या काट्यावर हात ठेवून झाकायचे आणि म्हणायचे, ‘सांग आता किती?’ दुसरं महत्त्वाचं यंत्र म्हणजे कॅनॉपीवर बाहेरून चिकटवलेला लोकरीचा धागा, वीतभर, लाल. तो सरळ मागे पडला पाहिजे. तिरका झाला म्हणजे विमान हवेतून आडवं चाललंय, पाय कामाला लावा. लाखो रुपयांच्या ग्लायडरमध्येही हा धागा असतोच. अजून त्याहून भरवशाचं काही कोणी काढलेलं नाही.

थर्मलची चाहूल बुडाला लागते. सभेत असं बोलू नये, पण दुसरा अवयव सांगता येत नाही. आसनाखालून एक हलका धक्का येतो, मग एक पंख उचलला जातो. वळायचं. व्हेरिओ टीं-टीं करू लागतो, वर जाताना सूर चढतो. एक फेरी झाली की कळतं, डाव्या बाजूला जोर आहे, उजव्या बाजूला नाही. पुढच्या फेरीत वर्तुळ थोडं सरकवायचं. पुन्हा तपासायचं. यात इतकं लक्ष गुंततं की उंचीची भीती बिती आठवायला फुरसत मिळत नाही.

उतरताना दुसरी संधी नसते, हे खरं. पण म्हणून जीव मुठीत नसतो, कारण तो हिशेब उड्डाणभर डोक्यात चालू असतो. इतकी उंची आहे, वारा असा आहे, मैदान अमुक अंतरावर आहे, परत जाता येईल ना? उत्तर डळमळीत झालं की आधीच वळायचं. पंखांवर एअरब्रेक असतात, निळी मूठ ओढली की पंखातून पट्ट्या उभ्या राहतात आणि उतार तीव्र होतो. त्या कमीजास्त करत ठरल्या जागी चाक टेकवायचं.

लांबच्या उड्डाणात लिफ्ट संपली तर मैदान जवळ नसतं, मग शेत शोधायचं. ही सवय जमिनीवरही सुटत नाही. महामार्गाने कोल्हापूरकडे जाताना मी दोन्ही बाजूंची शेतं पाहत असतो, बायको गाडी थांबवायची धमकी देते. ऊस नाही चालत, वरून हिरवळ दिसते पण पुरुषभर उंचीचा असतो. तासगावकडच्या द्राक्षबागा तर नकोच नको, खांब आणि तारा. नांगरटीत चाक रुतून ग्लायडर पालथं होऊ शकतं. ज्वारी काढून झालेलं, ढेकळं फुटलेलं, बांधाला बांध लांब असलेलं रान उत्तम. वरून उतार कळत नाही, म्हणून शेजारी ओढा कुठे वाहतो ते बघायचं. आणि विजेच्या तारा वरून दिसतच नाहीत, खांब दिसतात. दोन खांब दिसले की मध्ये तार आहे असं धरून चालायचं.

या सगळ्याचा इतिहास मोठा आहे, मी त्यातलं एवढंच घेतो. जर्मनीतल्या ओटो लिलिएनथालने १८९१ ते १८९६ या काळात सुमारे दोन हजार उड्डाणं केली, बर्लिनजवळ त्यासाठी पंधरा मीटरची टेकडी उभी केली, आणि ऑगस्ट १८९६ मध्ये पडून गेला. विल्बर राइटने हिशेब केला होता की पाच वर्षांत मिळून हा माणूस हवेत जेमतेम पाच तास होता. मग राइट बंधूंनी काय केलं? १९००, १९०१, १९०२, तीन वर्षं त्यांनी ग्लायडरच उडवली. १९०२ मध्ये शेकडो उड्डाणं केली, वळायचं कसं, तोल कसा सांभाळायचा ते पक्कं केलं, आणि मग १९०३ मध्ये इंजिन बसवलं. इंजिन शेवटी आलं. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीत इंजिनाच्या विमानांवर निर्बंध आले, तर तिथली पोरं १९२० पासून वासरकुप्पे नावाच्या डोंगरावर ग्लायडर घेऊन जमू लागली. दोन वर्षांत ती तासाच्या वर हवेत राहू लागली. आज आपल्याला हवेच्या उभ्या चालीबद्दल जे माहीत आहे त्यातलं पुष्कळ त्या डोंगरावरचं आहे.

आपल्याकडेही १९५० नंतर चांगलं काम झालं. नागरी विमान खात्याच्या तांत्रिक केंद्राने स्वतःची ग्लायडरं काढली आणि त्यांना नक्षत्रांची नावं दिली: अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, पुढे मृगशीर्ष, आर्द्रा. रोहिणी १९६१ मध्ये उडाली. लाकडाची, दोघांनी शेजारीशेजारी बसायची. देशभर कितीतरी पोरं तिच्यावर शिकली. पेरणीच्या हिशेबात ही नक्षत्रं पाठ असलेल्या शेतकऱ्याच्या पोराला नावं तरी परकी वाटली नाहीत.

मग आज माझी तक्रार काय आहे? वैमानिक व्हायचं म्हटलं की आपल्याकडे घर गहाण ठेवून मुलाला परदेशी पाठवतात, तो थेट इंजिनाच्या विमानावर शिकतो आणि दोन-तीन वर्षांत बटणांच्या विमानात जाऊन बसतो. त्याला परीक्षेपुरता थर्मल माहीत असतो. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत, ब्रिटनच्या एअर कॅडेटमध्ये पोरांची सुरुवात ग्लायडरवर करतात, ती हौस म्हणून नव्हे. विंचच्या एका उड्डाणाला लिटर-दीड लिटर इंधन लागतं. कऱ्हाडला विमानतळ आहे, माणदेशात माळ आहे, वर्षातले सात-आठ महिने हवा आहे, आणि जिल्ह्यात पैसा नाही असं निवडणुकीत तरी वाटत नाही. खेळाच्या नावाखाली आपण काय काय बांधतो! एक विंच आणि दोन ग्लायडरं एखाद्या कॉलेजला, एखाद्या कारखान्याच्या शिक्षणसंस्थेला जड नाहीत. परवानग्यांचा त्रास होईल, तो कशाला होत नाही?

शेवटी, तरुण मुलामुलींसाठी. सोळाव्या वर्षापासून शिकता येतं. चष्मा चालतो. एनसीसीत जायचं असेल तर एअर विंग कुठल्या कॉलेजात आहे ते प्रवेशाआधी विचारा, नंतर नको. कुठेही ग्लायडरमध्ये बसायची संधी मिळाली तर दुपारची वेळ मागा; सकाळी हवा गुळगुळीत असते पण दहा मिनिटांत खाली येता. जेवण हलकं घ्या. थर्मलमध्ये गोल गोल फिरून पहिल्या दिवशी मळमळतं, मलाही मळमळलं होतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. बसायच्या आधी लघवीला जाऊन या. वर तासभर सोय नाही. आणि डोक्याला टोपी हवीच, काचेखाली ऊन फार लागतं. पण क्रिकेटची पुढे चोच असलेली टोपी नको, तिने वरचं आभाळ झाकलं जातं, आणि वर कोण फिरतंय ते दिसलं पाहिजे. काठ नसलेली बिनछज्जाची टोपी घाला. समोरच्या रांगेत तीन-चार जणांच्या डोक्यावर आहे ती गांधी टोपी अगदी योग्य.

प्रश्न असतील तर विचारा.